अनुभव धागा: धंद्यातले अवघड निर्णय आधी ठरवून ठेवता का?

परवा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चहाच्या टपरीवर हा विषय निघाला. 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणणारेच जास्त निघाले. सुरुवात मी करतो.

टॉवेलचा कारखाना आहे, निम्मा माल अमेरिकेला जातो. 2021-22 ला सुताचे भाव भडकले तेव्हा रात्र रात्र झोप नव्हती. त्यातून सावरल्यावर शांत डोक्यानं एक कागद लिहिला: ऑर्डरी सलग दोन महिने निम्म्यावर आल्या तर रात्रपाळी बंद, कामगारांना पंधरा दिवस आधी सांगायचं, नवीन मागाचं कर्ज काढायचं नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेचं शुल्क 50 टक्क्यांवर गेलं तेव्हा तोच उघडून वाचला. त्रास व्हायचा तो झालाच, पण रोज नव्यानं वाद घालावा लागला नाही. तुमचं सांगा.

गणवेशवाला
आमचा सगळा धंदा जूनचा. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा शर्ट शिवून, खिशावर शाळेचे बिल्ले लावून गठ्ठे तयार! शाळा उघडल्याच नाहीत आणि मुलं काय वाढायची थांबतात? एका शाळेच्या बिल्ल्याचा शर्ट दुसरी शाळा घेत नाही. उसवून पाहिलं, तर खिशावर सुईच्या भोकांची चौकट तशीच. तेव्हापासून शर्ट साधे शिवून ठेवतो, बिल्ला अॅडव्हान्स हातात पडल्यावरच. घाई होते, कारागीर कुरकुरतात, चालायचंच.

खानावळ
तीन महिन्यांचं भाडं वेगळ्या खात्यात. त्याला हात लावायचा नाही, घरच्या लग्नालासुद्धा. बास.

जुना मागवाला
ठरवून ठेवलं की होतंच असं नाही हो. आमचे चादरीचे माग होते, जकार्डचे, म्हणजे भोकांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारे. 'सलग दोन वर्षं तोटा झाला की विकायचे' असं अप्पांनी स्वतः डायरीत लिहिलेलं, खाली सही. तिसऱ्या वर्षीही रोज सकाळी सातला जाऊन तेलपाणी करायचे. विषय काढला की म्हणायचे, "गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बघू." जत्रा दर जानेवारीला येते! शेवटी भंगारवाल्यानं किलोच्या भावानं नेले, तोवर डोक्यावर सुताची उधारी वाढलेली. डायरीत कधी विकायचे ते होतं, सौदा कुणी करायचा ते नव्हतं. नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे अजून माळ्यावर आहेत.

धागाकर्ता
हे माझ्या कागदावरही नाही. आज लिहितो. आमच्याकडे ते काम बायकोच करेल, माझ्यानं व्हायचं नाही.