व्हिटॅमिन डी: सॅशे, कॅप्सूल, नॅनो की इंजेक्शन? आईसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या आईचा आहे. वय ६१, नागपूरला मानेवाड्याला असतो आम्ही. दिवाळीपासून तिच्या पायाच्या नळ्या ठणकतात. खाली बसली की उठताना दोन्ही हात जमिनीला टेकवावे लागतात. जानेवारीत रक्त तपासलं, तर व्हिटॅमिन डी ९.२ निघालं. रिपोर्टवर २० च्या खाली म्हणजे कमतरता असं छापलेलं होतं.

डॉक्टरांनी ६०,००० युनिटचे सॅशे दिले, आठवड्याला एक, असे आठ आठवडे. एकही चुकवला नाही. परवा परत तपासलं, फक्त १३.८! आता डॉक्टर म्हणतात ६ लाख युनिटचं इंजेक्शन घेऊन टाका. मेडिकलवाले दादा म्हणाले, नॅनोची बाटली घ्या, ती लवकर लागू पडते. शेजारच्या काकू कॅप्सूल घेतात, पण आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कॅप्सूल कशाची बनते हे कळल्यापासून ती हात लावत नाही. बहिणीनं कॅल्सिट्रिऑलवाली कॅल्शियमची गोळी सुचवली.

एवढ्या प्रकारांतून निवडायचं काय? आणि नागपूरसारख्या उन्हाच्या गावात डी कमी होतंच कसं? आईकडे बघून जीव तुटतो हो. मागच्या वर्षीपर्यंत गच्चीवर एकटीनं कुरड्या घालायची.

प्रतिसाद १

ताई, मी औषधांच्या दुकानात बरीच वर्षं काम केलं आहे. प्रकार बदलण्याआधी एक सांगा, आई सॅशे नेमका कधी आणि कशात घेत होत्या?

धागाकर्ती

दर गुरुवारी सकाळी, पाण्यात. गजानन महाराजांचा वार म्हणून लक्षात राहतो. गुरुवारी तिचा संध्याकाळपर्यंत कडक उपास असतो. थायरॉइडची गोळी घेतली की मागोमाग सॅशे.

प्रतिसाद १

मग मला वाटतं घोळ इथेच आहे. डी हे स्निग्ध पदार्थात विरघळणारं जीवनसत्त्व. उपाशीपोटी, नुसत्या पाण्यातून घेतलं तर नीट शोषलं जात नाही. दुपारच्या मुख्य जेवणानंतर घ्यायला सांगा, पोटात थोडं तेल-तूप गेलेलं असू द्या. गोळाभातावर फोडणीचं तेल घेतलंत ना, त्यानंतर घेतलेला सॅशे वाया जायचा नाही.

अजून एक. ६०,००० युनिट म्हणजे वजनात फक्त दीड मिलिग्रॅम. पुडीतली बाकी भुकटी म्हणजे साखर वगैरे. पेल्याच्या तळाशी कण चिकटून राहिले, तर त्यांच्यासोबत औषधही राहिलं. म्हणून कोमट दुधात घोटायचं, पिऊन झालं की त्याच पेल्यात दोन घोट दूध घालून, फिरवून तेही प्यायचं.

सॅशे, कॅप्सूल, चघळायची गोळी आणि नॅनोची बाटली, बहुतेक सगळ्यांत औषध एकच, कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे डी३. नॅनोत ते बारीक कणांत पाण्यात मिसळेल असं केलेलं असतं, त्यामुळे चरबी पचत नसलेल्यांना उपयोगी पडतं. कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेलं, तिथे आईंचं बरोबर आहे. मात्र सॅशेतलं डी३ देखील साधारणपणे मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. लोकर कातरून घेतात, जीव घेत नाहीत. तेही चालत नसेल, तर आपल्या मसाल्यातलं दगडफूल ज्या लायकेन वर्गातलं, त्यापासून बनवलेलं डी३ मिळतं.

कॅल्सिट्रिऑल मात्र वेगळं. ते डीचं तयार, सक्रिय रूप. किडनीच्या रुग्णांना देतात. त्यानं रक्तातला साठा वाढत नाही, उलट कॅल्शियम एकदम वर जाऊ शकतं. बहिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका. आणि साधी कॅल्शियमची गोळी दिली, तरी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी लागू पडत नाही.

प्रतिसाद २

इंजेक्शनबद्दल थोडं. आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा सीलिअॅकसारखा (गहू न सोसणारा) आतड्याचा आजार असेल, तर त्याचा खरा उपयोग. ते स्नायूत साठून सावकाश रक्तात उतरतं, म्हणून इंजेक्शननं लवकर फरक पडतो हा समज चुकीचा. एकदम मोठा डोस दरवेळी भल्याचा नसतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट तोंडावाटे दिलं होतं. त्यांचं पडणं आणि हाड मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. तो अभ्यास २०१० साली छापून आला.

आमच्या घरची गोष्ट सांगते. बाबांना आठवड्याची पुडी होती, चिठ्ठीवर ते नीट लिहिलेलं नव्हतं आणि ते रोज घेत राहिले. दीड महिन्यात भयंकर तहान, सारखी लघवी, पोट साफ होईना, बोलताना गोंधळायला लागले. कॅल्शियम वाढलं होतं. ॲडमिट करावं लागलं. आता पुडीवर मी स्वतः तारीख घालते. डी वाढवायच्या नादात कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघायचं विसरू नका, ताई.

प्रतिसाद ३

उन्हाचं उत्तर आपल्या राहणीत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला जातो, मग ११ ते ४ आपण कूलरसमोर. बाहेर पडलो तर दुपट्टा डोळ्यांपर्यंत. डी बनवणारे किरण काचेतून आत येत नाहीत, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फार कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं. थंडीत दुपारी गच्चीवर अर्धा तास बसता येईल, आता मात्र उष्माघाताचा धोका पत्करू नका. तुमच्या आईंचं वाळवण सुटलं तिथेच त्यांचं ऊन सुटलं असेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून आत्ताच ओट्यावरचा तिचा स्टीलचा पेला बघितला. काल गुरुवार होता ना! तळाशी पांढरे कण वाळून चिकटलेले आहेत, नखानं खरवडावे लागले.

डॉक्टरांना फोन करून उपासाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, इंजेक्शन थांबवू, आधी कॅल्शियम-क्रिएटिनिन बघू, मग सॅशेच परत आठ आठवडे, पण जेवणानंतर. वार बदलून रविवार केला आहे, त्या दिवशी मी घरी असते. आई कालनिर्णयावर आठ रविवारांना कुंकवाचं बोट लावून मोकळी झाली. जूनमध्ये रिपोर्ट आला की इथेच लिहीन.