दहावी ९३ ची बॅच, ५२ जण: गेट-टुगेदरला जागा कुठली धरावी?

बार्शीकर९३

नमस्कार मंडळी. आमची बार्शी तालुक्यातली शाळा, दहावी १९९३. ग्रुपवर ५२ जण आहेत. पुण्यात २१, मुंबई-ठाण्याकडे ८, सोलापुरात ६, नागपूरला दोघं, बाकीचे बार्शीत नाहीतर गावातच. जानेवारीत भेटायचं नक्की, वर्गणी माणशी अडीच-तीन हजार. जागेवरून मात्र तीन आठवडे घोळ चाललाय. पुणेकरांना महाबळेश्वर, मुंबईकरांना गणपतीपुळे, आणि एक पठ्ठ्या रोज सकाळी गुड मॉर्निंगबरोबर गोव्याच्या बीचचा फोटो टाकतो.

मागचा अनुभव सांगतो. २०१८ ला महाबळेश्वर ठरलं होतं. ग्रुपवर ४४ अंगठे आले. त्या भरवशावर हॉटेलला ४० जणांचे पैसे भरले. आलो १९. वर्गातल्या १८ मुलींपैकी दोन. (मुली म्हणजे एकीला नातू आहे, पण आमच्या लेखी मुलीच.) गावातला एकही नाही. त्यातला एक नंतर बाजारात भेटला तर म्हणाला, "दोन दिवस जनावरांचं कोण बघणार?" रिकाम्या खोल्यांचे पैसे बुडाले, आणि त्यावरून ग्रुपवर जे रामायण झालं ते इथे नको.

यंदा सगळ्यांना यावंसं वाटेल अशी जागा सुचवा.

सतरासीटर

टेम्पो ट्रॅव्हलरचा धंदा आहे, म्हणून गाडीपुरतं बोलतो. गोवा डोक्यातून काढा. गाडीला ऑल इंडिया परमिट लागतं, आणि तीन हजारांत बार्शीहून गोवा म्हणजे जायचं आणि तोंड धुऊन परत फिरायचं. महाबळेश्वरला शनिवारी सकाळी पसरणी घाटात अडकलात की पाचगणीतच जेवायची वेळ होते. शिवाय पन्नाशीकडं आलेल्या माणसांना वळणावळणाचा घाट सोसत नाही. पिशव्या मी गाडीत कायम ठेवतो, यावरून समजा. गणपतीपुळे सुंदर, पण तुमच्याकडून एका दिवसाचं काम नाही. रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला झोपायला जागा द्या, हे तर कुणाच्याच यादीत नसतं.

नळदुर्गची_लेक

भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. १८ पैकी १६ जणी आल्या नाहीत. महाबळेश्वर आवडत नाही म्हणून नाही आल्या का? एकीला तरी विचारलंत?

आमची दहावी ८९ ची. आमच्याकडेही पहिल्यांदा मुलांनीच ठरवलं: रिसॉर्ट, मुक्काम, डीजे. सतरा जणींपैकी तिघी गेल्या. मीही नाही गेले. नवरा नको म्हणाला नसता, पण सासूबाईंना "रिसॉर्टला वर्गमित्रांबरोबर मुक्कामाला जाते" हे वाक्य मला तोंडातून काढता येईना. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि "चहा टाकू का" विचारून परत आले.

मग २०२२ ला आम्ही दोघींनी सूत्रं घेतली. ठिकाण ठरवलं तुळजापूर आणि नळदुर्ग. देवीला जाते म्हटल्यावर घरात कोण अडवतं? उलट सासूबाईंनी ओटीचं खण-नारळ माझ्या पिशवीत भरून दिलं. एका दिवसाचं, सकाळी आठला निघून दिवेलागणीला घरी. तारीख धरली ऑगस्टचा तिसरा शनिवार. गौरी-गणपती पुढं होते, त्यामुळे घरात फराळाची धांदल सुरू झालेली नव्हती. श्रावण होता, म्हणजे पिण्याचा नि मटणाचा विषय आपोआप मिटला. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते. आणि देऊळ पायऱ्या उतरून खाली आहे. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात. आमच्यातल्या चौघी वरूनच नमस्कार करून चहाच्या टपरीवर बसल्या. खरा वर्ग तिथंच भरला म्हणा.

दुपारी नळदुर्गचा किल्ला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत, चढ नाही, गाडी दारापर्यंत जाते. बोरी नदीवर बांध आणि बांधाच्या पोटात पाणी महाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. पाऊस झालेला असला तर वरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आणि आतल्या खिडकीत उभं राहिलं की पाण्याचा पडदा तोंडासमोर. आमच्या वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी, बाकावर शेवटी बसायची, ती त्या खिडकीत उभी राहून मोठ्यांदा आठवीतली कविता म्हणायला लागली. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही असं तिला वाटलं असेल. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

सतरापैकी चौदा जणी आल्या होत्या.

पण हे पावसाळ्यातलं. जानेवारीत तिथं पाणी पडताना दिसणार नाही. तुमच्या पट्ट्यात जानेवारीला दुसरं काय असतं हे मी बार्शीकराला सांगायचं का? ज्याला जनावरं सोडून येता येत नाही, त्याच्याच रानात जा की हुरड्याला.

कोथरूडकर

हुरडा ठीक आहे, पण पुणे-मुंबईचे २९ जण शेतात बसायला एवढ्या लांब येतील? आमच्याकडे सिंहगड रस्त्याला हुरडा पार्ट्या ढिगाने असतात. आणि रोखठोक विचारतो: पन्नास माणसांना शेतात टॉयलेट कुठलं?

नळदुर्गची_लेक

टॉयलेटचा मुद्दा शंभर टक्के खरा. बायका घरून निघतानाच पाणी कमी पितात, कोथरूडकर, हे तुमच्या लक्षात आलं याचं बरं वाटलं. शेताजवळची शाळा किंवा मंगल कार्यालय दिवसभरासाठी घ्या. बाकी "येतील का" म्हणाल, तर ते गावाला येतायत, हुरड्याला नाही.

बार्शीकर९३

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून तासभर गप्प बसलो होतो. मग वर्गातल्या एकीला फोन केला, तिनं पुढं सहा जणींना केले. सहाही जणींनी जवळजवळ एकच विचारलं: मुक्काम आहे का, आणि संध्याकाळी घरी पोचेन का.

तर आता असं ठरतंय. जनावरांवाल्याचंच रान, त्याची मालदांडी ज्वारी उभी आहे, आणि कडेच्या दोन सऱ्या खास हुरड्यासाठी गूळभेंडीच्या. फोन केला तर आधी हसला, मग म्हणाला, "हुरडा भाजायची आगटी मीच लावणार, पुण्याच्या लोकांना हात लावू देणार नाही." शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, दुपारी भाकरी-पिठलं. स्वयंपाक गावातल्या बचत गटाकडे, म्हणजे वर्गातल्या मुलींना त्या दिवशी चुलीपाशी जायचं नाही. रानापासून हाकेच्या अंतरावर मंगल कार्यालय आहे, तिथं चार स्वच्छतागृहं. परवा स्वतः जाऊन नळ सोडून बघितले. एकाला पाणी नाही, दुरुस्त करून देतो म्हणालाय.

मुंबईकरांना रात्रीची लातूर एक्सप्रेस आहे, थेट बार्शीला उतरवते. ज्यांना थांबायचंय ते थांबतील, बाकीचे पाचला मोकळे. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, लॉज मिळत नाहीत, म्हणून त्यानंतरचा रविवार धरलाय. गोव्याच्या फोटोवाल्याला वर्गणी गोळा करायचं काम दिलंय. दोन दिवस झाले, फोटो बंद आहेत.

एकच अडलंय. आमच्या इंग्रजीच्या बाई लातूरला असतात, वय ८१. त्यांना बोलवायचं तर बांधावरून चालवत कसं न्यायचं?

सतरासीटर

बैलगाडी. तुमच्या मित्राकडं असेलच. गादी आणि लोड टाका, कासरा धरून एक जण पुढं चालू द्या.

नळदुर्गची_लेक

आणि बाईंना आणायला लातूरला मुलींपैकीच कुणाला तरी पाठवा. परतताना संक्रांतीचं वाण द्यायला विसरू नका.