शाळेच्या आठवणींवरच्या विनोदी मालिका: वरून बोलणारा निवेदक हवाच कशाला?

मधली_सुट्टी

‘द वंडर इयर्स’ आणि ‘फ्रीक्स अँड गीक्स’ या दोन अमेरिकन मालिका लागोपाठ पुन्हा पाहिल्या. दोन्ही शाळकरी पोरांच्या, दोन्ही मागे वळून पाहणाऱ्या. पहिली १९८८ साली सुरू झाली आणि १९६८ पासूनचा काळ दाखवते. दुसरी १९९९ सालची, गोष्ट १९८०-८१ची, मिशिगनमधल्या एका काल्पनिक गावातली. पहिलीत मोठा झालेला नायक केव्हिन भागभर निवेदन करत असतो, दुसरीत निवेदकच नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की हा निवेदकच अशा मालिकांचा घात करतो.

त्या वयातली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे हे कधी संपणार ते ठाऊक नसतं. वर्गासमोर फजिती झाली की जग तिथेच बुडतं. अशा वेळी वरून प्रौढ, समजूतदार आवाज आला की आपण निर्धास्त होतो: पोरगा वाचला, मोठा झाला, आता हसून सांगतोय. मग त्या फजितीत दम काय उरला?

‘फ्रीक्स’मधला बिल हॅवरचक आठवून बघा. उंच, किडकिडीत, जाड चष्मा, व्यायामाच्या तासाला सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. एका भागात तो शाळेतून रिकाम्या घरी येतो, चीज सँडविच भाजतो, केकचा तुकडा घेतो आणि टीव्हीसमोर बसतो. पडद्यावर गॅरी शँडलिंगचा विनोदी कार्यक्रम चालू आहे. तोंडात घास असताना तो असा खदखदून हसतो की बस. एक शब्द नाही. त्याचा एकटेपणा आणि त्या अर्ध्या तासापुरतं त्याचं सुख, दोन्ही एकदम दिसतं. इथे कुणी ‘त्या दुपारी मला कळलं...’ असं सुरू केलं असतं तर सगळ्याची माती झाली असती.

जुनी_कॅसेट

पूर्ण असहमत. ‘वंडर इयर्स’चा शेवटचा भाग विसरलात का? १९७३, चार जुलैची म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, सगळं कुटुंब रस्त्यावर, वातावरण आनंदाचं. आणि त्याच दृश्यावर निवेदक सांगून जातो की दोन वर्षांनी बाबा गेले. केव्हिनचा जिच्यावर जीव होता त्या विनीशी लग्नही झालं नाही, हेही तोच सांगतो. पडद्यावर बाप हसतोय, चालतोय, आणि आपल्याला ठाऊक झालंय. निवेदकाशिवाय हे कुठल्या दृश्यात बसवणार होतात? हा बाप, जॅक अर्नोल्ड, आयुष्यभर कामावरून थकून यायचा आणि घरात मोजकं बोलायचा. त्याचं मोल मुलाला फार उशिरा कळलं. हा उशीर हीच तर त्या मालिकेची गोष्ट आहे!

शिवाय बिलच्या प्रसंगात निवेदक नाही म्हणता, पण तिथे ‘द हू’ या रॉक बँडचं गाणं वाजतंय. ते बिलच्या टीव्हीवर लागलेलं नाही. मालिका बनवणाऱ्या मोठ्या माणसांनी ते निवडून त्या पोरावर घातलंय. बोलण्याचं काम तिथे गाणं करतंय, एवढाच फरक.

मधली_सुट्टी

गाण्याचा मुद्दा जबरदस्त आहे, पण मला तो पटत नाही. गाणं त्या मुलाच्या आत्ताच्या अवस्थेबद्दल बोलतं, पुढे काय झालं ते सांगत नाही. बिलचं पुढे काय होणार हे मला आजही ठाऊक नाही, म्हणूनच त्याची काळजी वाटत राहते. मिरवणुकीच्या प्रसंगाबद्दल मात्र वाद नाही, तो ताकदीचाच आहे. पण त्या एका प्रसंगासाठी सहा सीझन प्रत्येक भागाच्या शेवटी तात्पर्य ऐकून घ्यायचं? केव्हिनने मित्राशी भांडण केलं, तात्पर्य. नाचाच्या कार्यक्रमात धीर झाला नाही, तात्पर्य. पोराला स्वतःचं स्वतः काही उमगूच द्यायचं नाही, असं झालंय ते.

दोन_बसचा_प्रवास

तुम्ही दोघंही निवेदक म्हणजे हळवाच असणार असं धरून चाललाय. ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ (२००५ ते २००९) पाहा. विनोदवीर ख्रिस रॉक स्वतःच्याच लहानपणावर बेतलेल्या या मालिकेत निवेदन करतो. काळ १९८०चं दशक, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली बेड-स्टाय वस्ती. आई ख्रिसला दोन बस बदलून दूरच्या शाळेत पाठवते आणि तिथे तो एकटाच काळा विद्यार्थी. त्याची शिक्षिका, मिस मोरेलो, अगदी मायेने बोलते आणि त्या मायेतच गृहीत धरते की या पोराच्या घरी बाप नसणारच. बाप घरी आहे. दोन नोकऱ्या करतो आणि दूध सांडलं तर किती सेंटचं सांडलं ते सांगतो.

इथे निवेदक अजिबात समजूत घालत नाही. बाई काय म्हणाली याचा खरा अर्थ तो रोखठोक सांगतो, जो तेव्हा वर्गात ख्रिसला बोलताच आला नसता. ज्याला त्या वयात तोंड उघडायची सोय नव्हती, त्याने मोठेपणी उत्तर दिलं तर ती माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. निवेदक नको म्हणणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा गप्प बसवणं.

शेवटचा_तास

निवेदकापेक्षा लांबी महत्त्वाची, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ‘फ्रीक्स’चे १८ भाग बनले आणि एनबीसी वाहिनीने २००० साली १२ दाखवून मालिका बंद केली. त्यामुळे ती पोरं कायम त्या एका वर्षात राहिली. उलट ‘दॅट सेव्हन्टीज शो’ घ्या. १९९८ ते २००६, तब्बल २०० भाग, आणि कथेतला काळ १९७६ ते १९७९ एवढाच. नट डोळ्यांदेखत मोठे होत गेले आणि पात्रं त्यांच्या नेहमीच्या अड्ड्यावर, त्याच तळघरात बसून राहिली. हा काही निवेदकाचा दोष नव्हे, तिथे निवेदक नव्हताच. ‘फ्रीक्स’ आठ वर्षं चालली असती तर बिलची ती दुपार आपल्याला इतकी जपावीशी वाटली असती का, याचं उत्तर मधली_सुट्टी यांनी द्यावं.

मधली_सुट्टी

त्या दुपारचा प्रसंग बनला तेव्हा मालिका किती चालणार हे ठरायचं होतं. तो चांगला आहे तो लिहिणाऱ्यांच्या आणि बिल झालेल्या मार्टिन स्टारच्या कामामुळे. मालिका बंद पडली म्हणून तो चांगला झाला नाही.

ख्रिसचा मुद्दा मात्र माझ्या म्हणण्याला खरोखर छेद देतो, म्हणून जरा नेमकं मांडते. माझा आक्षेप आहे तो सगळं मिटलंय अशा सुरात बोलणाऱ्या निवेदकाला. ख्रिसच्या आवाजात काहीच मिटलेलं नाही, राग ताजा आहे. तो चालेल.

‘डेरी गर्ल्स’ (२०१८ ते २०२२) मला म्हणूनच सर्वात आवडते. तिची लेखिका लिसा मगी स्वतः डेरी शहरात वाढली. तिच्या मालिकेत उत्तर आयर्लंडमधला संघर्ष चालू आहे, पूल बॉम्बमुळे बंद होतो आणि नायिका एरिनच्या सारामावशीला चिंता आपल्या टॅनिंगच्या अपॉइंटमेंटची. पहिल्या सीझनच्या शेवटी मुली शाळेच्या रंगमंचावर वेड्यासारख्या नाचतायत आणि घरी मोठी माणसं टीव्हीसमोर बॉम्बस्फोटाची बातमी ऐकत गप्प उभी आहेत. मुलींना अजून काही ठाऊक नाही. समजवायला कुणी येत नाही.

जुनी_कॅसेट

पण त्याच मालिकेच्या शेवटच्या भागात, १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारावरच्या मतदानाआधी, एरिन आजोबांना विचारते की हे फसलं तर? आणि आजोबा म्हणतात, साधलं तर? उद्या तुझ्या पोरांना ही सगळी भुताची गोष्ट वाटेल. अहो, मोठ्या माणसाचा समजूतदार आवाज तो हाच! फक्त खुर्चीत बसवलाय.

मधली_सुट्टी

त्या आजोबांना निकाल ठाऊक नाही. ते आशा धरून बोलतायत आणि त्यांचंही मत अजून पेटीत पडायचंय. केव्हिन सगळं उरकल्यावर बोलतो.

जुनी_कॅसेट

आणि बाप गेल्यावर बोलतो. त्याआधी त्याला बोलायला सुचलं असतं असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत.