शब्दचर्चा : बंदूक 'अडकते' म्हणजे नेमकं काय होतं?

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनला (एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरून घेणाऱ्या छऱ्यांच्या बंदुकीला) मराठीत काय म्हणावं हे विचारायला हा धागा काढतोय, पण त्याआधी आमच्या घरात झालेला एक प्रकार सांगतो म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल.

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे, समुद्र चालत वीस मिनिटांवर. काकांकडे वारसाने परवान्यावर आलेली बारा बोरची ब्राउनिंग ऑटो-५ आहे, अशीच सेमी-ऑटोमॅटिक, बेल्जियमची. वर्षातून एकदोनदा ते घाटावर रेंजला घेऊन जातात. गेल्या डिसेंबरात सकाळी सकाळी तिथे तिने अगदी जीव नकोसा केला, दोन बार नीट गेले की तिसऱ्याला बंद. घरी आल्यावर मी घाटावरच्या एका लायसन्सवाल्या कारागिराला फोन लावला आणि म्हटलं बंदूक अडकते. तो म्हणाला कुठे अडकते? मी म्हटलं मध्येच अडकते. काडतूस अडकतं का? हो काडतूसच. भरलेलं की उडालेलं? आता हे मी बघितलंच नव्हतं. पंधरा मिनिटं दोघं मराठी माणसं मराठीतच बोलतोय आणि कोणाला काही उमगत नाहीये. शेवटी पडवीतनं काका ओरडले, "अडाकता म्हणा नको रे, घास घेणा नाय म्हण!"

आणि कारागिराला एका क्षणात कळलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच बसलंय की 'अडकते' हा शब्द बंदुकीसाठी फार आळशी शब्द आहे. काकांकडे त्याच्या जागी तीन शब्द आहेत. घास न घेणं, म्हणजे पुढचं काडतूस पोटातून (मॅगझिनला ते पोट म्हणतात) वर येऊन कोठीत (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून ते उडतं) नीट बसत नाही. पुंगळी न टाकणं, म्हणजे उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, खिडकीतच चावली जाते. आणि बार न लागणं, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, चाप ओढला, पण आवाज नाही. तिन्हीला आपण 'अडकली' म्हणतो आणि तिन्हीचं कारण वेगळं, उपाय वेगळा, धोका तर फारच वेगळा.

आमच्या बंदुकीला पहिली दोन दुखणी एकदम होती. पहिल्याचं कारण खोबरेल. आपल्याकडे कोयतीपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल, तसं बंदुकीलाही वर्षानुवर्षं तेच. आता खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, आपल्याकडे बाटलीत डिसेंबरात पांढरं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि घाटावर तर पहाटे त्याहून कितीतरी थंडी. ह्या बंदुकीत बोल्टला (काडतूस कोठीत ढकलून मागून बंद करणारा सरकता तुकडा) पुढे ढकलणारी कमान दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या) आत एका नळीत असते (आमच्याकडे स्प्रिंगला अजून कमान म्हणतात, घड्याळाची कमान तशीच), आणि त्या नळीत कोणी कधी बघत नाही. कारागिराने दस्ता काढला, मी तिथेच होतो, आतून जी कमान निघाली तिच्या वेढ्यांमध्ये पिवळट चिकट राळेसारखा थर होता आणि खालचे चारपाच वेढे तांबूस, बोट लावलं की भुकटी हाताला. समुद्राची हवा आणि जुनं झालेलं खोबरेल. अशी कमान बोल्टला ढकलणार तरी किती, अर्धा घास घेऊन थांबायची.

दुसरं कारण कड्याचं. ऑटो-५ मध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून दोन्ही मागे जातात, मग नळी एकटी पुढे येते, पुंगळी बाहेर, आणि बोल्ट येताना नवीन काडतूस घेऊन येतो. नळीला मागे येताना आवरायला एक ब्राँझचा तुकडा आणि एक पोलादी कडं असतं. भारी काडतूस वापरायचं तर कडं स्प्रिंग (ही दस्त्यातली कमान नव्हे, पोटाच्या नळीवर असते ती वेगळी) आणि ब्राँझच्या मध्ये, हलकं वापरायचं तर कडं स्प्रिंगच्या खाली, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पेटीच्या) बाजूला. आमचं कडं भारीच्या जागी आणि काकांच्या हातात २८ ग्रॅमची हलकी काडतुसं. ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं, नळी पूर्ण मागे यायचीच नाही आणि पुंगळी खिडकीत चावायची. उलटं केलं असतं, म्हणजे हलक्याच्या जागी कडं ठेवून भारी काडतूस, तर बंदूक चालली असती पण आपटून आपटून पुढचं लाकूड चिरलं असतं. म्हणजे न चालणं हे त्यातल्या त्यात बरं.

आता तिसरा शब्द, बार न लागणं, ह्यावर मला जास्त बोलायचंय कारण इथे शब्द चुकला तर माणूस जाऊ शकतो. आमच्या आजोबांची ठासणीची होती (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या बोळा म्हणून घालायचे, त्यांच्याकडे ह्यातही तीन प्रकार. बार चुकला : खटका पडला, काही झालं नाही. बार उशिरा : खटका पडला, काही झालं नाही असं वाटलं, आणि क्षणाने उडाला. फुसका बार : 'फुस्स' आवाज आला पण माल नळीतच राहिला. बार न लागता नळी कोणी खाली केली की आजोबा ओरडायचे, "थांब, नळी तशीच धर, बार उशिरान उडतलो!" आजही नियम तोच, चाप ओढून काही झालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद मोजायचे, मगच उघडायचं. ठासणीच्या बंदुकीत त्याहून जास्त. आणि फुसका बार गेला तर पुढचा बार मुळीच नाही, आधी बंदूक पूर्ण रिकामी करायची, मग नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. डाट (काडतुसातला बोळा) नळीत अडकलेला असताना मागून दुसरा बार मारला तर नळी फुटते. आपण राजकारणात, क्रिकेटात 'फुसका बार' सहज बोलून जातो पण बंदुकीत सगळ्यात भीतीदायक बार तोच आहे.

तर मूळ प्रश्न. सेमी-ऑटोमॅटिकला पेपरात 'अर्धस्वयंचलित' लिहितात. मला तो पटत नाही. अर्धं काय आणि पूर्ण काय हे त्यातून कळतच नाही, कोणाला वाटतं अर्ध्या ताकदीची, कोणाला वाटतं अर्धं हाताने भरावं लागतं. खरं तर ती भरते पूर्ण आपोआप, फक्त उडत नाही आपोआप, एका चापाला एक बार. आपल्याकडे 'ठासणीची' हा शब्द आहेच, भरण्याच्या पद्धतीवरून पडलेला. त्याच चालीवर 'स्वयंभरणी' कसा वाटतो?

प्रतिसाद, चिपळूणहून

भावा, फार चांगला विषय काढलास. मी फौजेत होतो, तिथे स्टॉपेजला (बंदूक मध्येच थांबण्याला) 'रोक' म्हणतात आणि प्रत्येक रोकेचं कारण आणि इलाज तोंडपाठ करून घेतात, त्यामुळे तुझ्या काकांचं म्हणणं अगदी बरोबर. मला एका वेगळ्या शब्दाबद्दल सांगायचंय. फौजेत हुकूम असतो "खाली कर". हिंदीत त्याचा अर्थ रिकामी कर. पण आपल्या मराठी पोराच्या कानाला तो काय ऐकू येतो, नळी खाली कर. माझ्या भरतीच्या पहिल्या आठवड्यात मी तेच केलं, भरलेल्या रायफलीची नळी खाली केली, शेजारच्याच्या पायाच्या दिशेने. उस्तादांनी हात धरला म्हणून. एका शब्दाने केवढा फरक पडतो हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून 'रिकामी' ह्या शब्दाचीही नीट फोड व्हायला हवी. दुनळी मोडली (म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली) की दोन्ही कोठ्या डोळ्यासमोर, रिकामी म्हणजे रिकामी. सेमी-ऑटोत पोट रिकामं असलं तरी कोठीत एक काडतूस बसलेलं असू शकतं, आणि कोठीतलं काढून टाकलं तरी पोटातलं दुसरं लगेच त्याच्या जागी येतं. काकांच्याच भाषेत, पोट रिकामं पण तोंडात घास. दोन्ही बघायचं, डोळ्याने बघायचं आणि वर बोट घालूनही बघायचं. ऑटो-५ चं नावच त्यावर आहे ना, चार पोटात आणि एक कोठीत, पाच.

प्रतिसाद, रत्नागिरीहून

शब्दांचं मूळ कोणी सांगितलं नाही म्हणून मी लिहिते. काडतूस पोर्तुगीज 'कार्तुशो' वरून आलंय, पिस्तूलही त्यांच्याकडूनच, गोवा शेजारी असल्यावर आपल्या किनाऱ्याला हे शब्द आधी लागणारच. कार्तुशोच्या मुळाशी 'कार्ता' म्हणजे कागद, आणि पोर्तुगीजात त्याचा एक अर्थ कागदाची सुरळी, आपण शेंगदाण्याची पुडी करतो तशी. आधी खरंच कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी बांधलेली असायची. नंतरही कितीतरी वर्षं शॉटगनची काडतुसं पुठ्ठ्याची होती, जुन्या लोकांना आठवत असतील, पावसाळ्यात फुगायची आणि कोठीत जायचीच नाहीत. म्हणजे मूळ अर्थ बरोबर होता आणि कोकणातला पाऊस तो दर वर्षी सिद्ध करत होता.

दारू फारसीतून, तिथे त्याचा अर्थ औषध. बोर इंग्रजी. बारा बोर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं एक पौंड होतं, म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. हे उलटं गणित लोकांना कळत नाही आणि वीस बोर मोठी समजतात. ह्यात खरा धोका आहे दादा, वीस बोरचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर ते कोठीत न थांबता पुढे सरकून अडकून बसतं, आणि मग त्याच्यामागे बाराचं सहज बसतं, ते उडवलं की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती म्हणूनच.

'स्वयंभरणी' मला आवडला. बोलायला सोपा आहे आणि काम सांगतो.

प्रतिसाद, मूळचा अलिबागचा

मी हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करतो त्यामुळे जरा नवीन बंदुकांचं सांगतो. तुमच्या ऑटो-५ ला गॅस लागत नाही पण रेमिंग्टन ११०० (१९६३ ची) आणि तिच्यानंतरच्या पुष्कळ बंदुका गॅसवर चालतात, नळीला खाली बारीक भोकं असतात, त्यातून थोडा वायू निघून पिस्टन ढकलतो. ह्या भोकांत आणि पिस्टनवर जे काळं साठतं त्याला सगळे कार्बन म्हणतात. आपल्याकडे काजळी हा इतका नेमका शब्द असताना कार्बन कशाला? कंदिलाच्या काचेवर धरते तशीच काजळी. ती धरली की बंदूक आधी पुंगळी लांब टाकेनाशी होते, मग पायाशी टाकते, मग टाकतच नाही. पुंगळी किती लांब पडते ह्याच्याकडे लक्ष ठेवलं तर बंद पडायच्या आधीच कळतं. ११०० ला एक रबरी रिंगही असते, ती चिरली की हेच लक्षण, साफ करून करून दमाल आणि दोष दहा रुपयांच्या वस्तूचा.

तिसरा प्रकार जडत्वाचा, बेनेली कंपनीचा, धक्क्याने बंदूक मागे जाते पण बोल्टचा जड भाग क्षणभर जागीच राहतो त्यावर चालणारा, त्यात काजळी कमी.

आणि तेल कमी लावा रे बाबांनो. कोकणात गंजाच्या भीतीने न्हाऊ घालतात बंदुकीला. बाहेरून पातळ हात फिरवा, आत पुसून घ्या, आणि पावसाळ्यात चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, ओल तिथेच धरून राहते.

धागाकर्ता

काजळी लगेच घेतला. चिपळूणच्या दादांचं 'खाली कर' वाचून काकांना दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आमच्या घरात ह्यापुढे 'रिती कर' म्हणायचं.

एक राहिलं. मॉडिफिकेशनसाठी शब्द. माझ्या मते इथेही एका शब्दात सगळं कोंबू नये. साफसफाई आणि कडं बदलणं ही देखभाल, ती मालकाने करावी. कमान बदलणं, चाप-खटक्याला हात लावणं ही दुरुस्ती, ती लायसन्सवाल्या कारागिराकडेच. दस्ता लांबआखूड करणं, मागे रबराची गादी लावणं, चोक बदलणं हा बदल, तोही त्यालाच विचारून (चोकला 'आवळ' म्हणता येईल, फुल चोकमध्ये नळीचं तोंड साधारण एक मिलिमीटरच आवळलेलं असतं पण तेवढ्याने छर्रे किती तरी जवळ पडतात). आणि नळी कापणं ह्याला बदल म्हणूच नये, १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ६ आहे त्यासाठी, परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा. गावात "जरा आखूड करून घेतली" असं सहज बोलतात तेव्हा तो शब्द ऐकून घेऊ नका, तिथल्या तिथे टोका.

कमान नवीन आली, कडं हलक्याच्या जागी गेलं, खोबरेल बंद. गेल्या रविवारी पंचवीस काडतुसं झाली, पुंगळ्या सगळ्या उजव्या हाताला दहाबारा फुटांवर एका ढिगात. उशिरा उडणाऱ्या बारासाठी मात्र अजून एक सुटसुटीत शब्द हवाय, 'उशिरा बार' लांबतं आणि घाईत तोंडातून येत नाही. देवगड, राजापूर, श्रीवर्धनकडे कोणाच्या घरी जुना शब्द असेल तर सांगा, आजीआजोबांना विचारून सांगा.

प्रतिसाद, देवगडहून

दादा आजीला विचारलं. आमच्या घरात "बार निजलो" म्हणायचे. सगळ्या गावात म्हणत होते का ते तिला ठाऊक नाही, पण आजोबा ओरडले की "निजलो!" तर सगळी माणसं होती तिथेच उभी राहायची म्हणे.