डॉलरमधले शिक्षणकर्ज: पैसे आत्ता पाठवावेत की दर उतरेपर्यंत थांबावे?

प्रश्न (देवगड)
अमेरिकेत शिकताना तिथल्याच एका संस्थेकडून घेतलेल्या कर्जापैकी १८,००० डॉलर बाकी आहेत आणि व्याज ११ टक्के आहे. आता मी गावी परतलो असून उत्पन्न बरेचसे हापूसवर अवलंबून आहे. मासिक हप्ते वेळेवर जातात. यंदाच्या पेट्यांचे पैसे वाशीहून आल्यावर ६ लाख रुपये जादा भरता येतील. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरला आहे. ही रक्कम लगेच पाठवावी, की रुपया सावरण्याची वाट पाहावी?

उत्तर १ (रत्नागिरी, निवृत्त बँक कर्मचारी)
आपल्या दराने ६ लाखांचे सुमारे ६,६६७ डॉलर होतात आणि तेवढ्या मुद्दलावर दरमहा ६१ डॉलर, म्हणजे साधारण ५,५०० रुपये व्याज चढते. तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर महिन्याला ३,२५० रुपये मिळतील आणि त्यांवर आयकर लागेल तो वेगळाच. राहिलेली २,२५० रुपयांची तूट भरून निघायची, तर डॉलर दर महिन्याला ३४ पैशांनी उतरत राहायला हवा, म्हणजे सहा महिन्यांत दोन रुपयांनी. असे कधीच होत नाही असे नाही: ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेला होता आणि ऑक्टोबरपर्यंत ६२ च्या आसपास उतरला होता. मात्र तो उतार आधी ओळखणारा माणूस मला नोकरीच्या इतक्या वर्षांत भेटला नाही, आणि भेटला असता तर तो आमच्या शाखेत कशाला बसला असता!

उत्तर २ (वेंगुर्ला)
वरील हिशेबाशी सहमत आहे, पण दरापेक्षा करांच्या वेळेकडे अधिक लक्ष द्यावे. आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली एकूण रक्कम १० लाखांवर गेली, की वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, तरी तोवर पैसा अडकून पडतो. मर्यादा पॅनवर मोजली जात असल्याने बँक बदलून उपयोग नाही, आणि आपले मासिक हप्तेही तिच्यातच धरले जातात. आंब्याचे पैसे बहुधा एप्रिलनंतरच हाती येत असल्याने नवे वर्ष आपल्या सोयीचेच आहे. शिवाय ६ लाख एकदम पाठवल्यास चलनबदलावरचा जीएसटी ६३० रुपये होतो. एकेक लाख करून सहा वेळा पाठवल्यास तो १,०८० रुपये होतो आणि बँकेचे शुल्कही सहा वेळा द्यावे लागते.

उत्तर ३ (मालवण)
माझ्या बाबतीत मधल्या बँकेने २० डॉलर कापून घेतले, त्यामुळे हप्ता अपुरा ठरून विलंबशुल्क लागले. म्हणून अर्जात सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, असा पर्याय निवडावा. जादा रक्कम मुद्दलात वळती करावी, असे कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवावे. नाहीतर ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरली जाण्याची शक्यता असते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आमच्या शाखेत परकीय चलनाचे काम होत नाही, कागद मोठ्या शाखेकडे जातात. तेव्हा सोमवारी तिकडेच जाऊन फलकावरच्या दरापेक्षा काही पैसे कमी करून मिळतात का ते विचारतो आणि ६ लाख एकरकमी पाठवतो. संस्थेला ई-मेल आजच करत आहे.