सामान स्वतः निवडून आणणारे रिकामटेकडे कसे?

अबोली

कालच्या धाग्यावर खटपट्या यांनी लिहिलं, "ज्यांच्या वेळेला मोल नाही तेच अजून पिशवी घेऊन दुकानात जातात. ॲप उघडा, ऑर्डर टाका, मोकळे व्हा." त्याखाली "अगदी मनातलं बोललात" म्हणणाऱ्यांची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मुळात मोकळं कोण होतं? "अमुक ते अमुक वेळात येऊ" म्हटलं की घरात अडकून बसायचं. आलं की पिशव्या उपसून काय आलं, काय राहिलं ते बघायचं. मऊ पडलेल्या टोमॅटोचे फोटो काढायचे, तक्रार टाकायची, पैसे परत आले का यावर लक्ष ठेवायचं. हा वेळ कुणी हिशेबात धरत नाही, कारण तो घरी बसून जातो.

आणि निवडीचं काय? गोठवलेल्या मटारचं पाकीट मी दाबून बघते. दाणे सुटे लागले तर माल नीट राहिलाय. आत एकसंध ढेकूळ लागलं तर तो वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय. अंड्यांचा खोका उघडून एकेक अंडं जागच्या जागी फिरवायचं. तळाला फुटून चिकटलं असेल तर ते हलत नाही. ॲपवरचा फोटो यातलं काय सांगतो? एकामागून एक ऑर्डरी भरणाऱ्या माणसाने माझ्यासाठी हे करावं अशी माझी अपेक्षाही नाही, त्याच्यामागे घड्याळ लावलेलं असतं. म्हणूनच मी जाते.

दुकानवाले साधे नसतात हे मलाही कळतं. दूध पार शेवटच्या टोकाला आणि महाग माल डोळ्यांच्या उंचीवर उगाच नसतो. पण मी वाकून खालच्या फळीवरचं पाकीट उचलू शकते. ॲपमध्ये पैसे भरून वर चढवलेले ब्रँड आधी समोर येतात, आणि खालची फळी शोधायला बोट दुखेपर्यंत सरकवत बसावं लागतं.

खटपट्या

ज्याच्यावर धागा काढलात तो मी. लिहिलं त्यावर ठाम आहे.

तुम्ही वाकून खालची फळी बघता, चांगलं आहे. सगळे बघत नाहीत. दुकानात ट्रॉली भरत जाते आणि एकूण आकडा काउंटरवर कळतो. तेव्हा मागे रांग उभी असते, दोन वस्तू काढून ठेवायची लाज वाटते. ॲपवर बेरीज सतत समोर असते, एक वस्तू काढली की लगेच कमी होते. गेल्या वेळची यादी तयार असते. भूक लागलेली असताना खाऊच्या फळ्यांसमोरून चालावं लागत नाही.

आणि ट्रॉली आली कशी ते ठाऊक आहे ना? ओक्लाहोमा सिटीतला दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याने 1937 मध्ये ती आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं हे त्याच्या लक्षात आलं होतं. तुमच्या हाताला आराम मिळावा हा हेतू नव्हता. जे दुकान मुळापासून जास्त खरेदी व्हावी म्हणून रचलंय तिथे "मी निवडते" म्हणणं मला पटत नाही.

अबोली

आणि "आणखी एवढ्याची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत" ही पट्टी कशासाठी रचलीय? दुकानाच्या दारात मला कुणी अडवून असं सांगत नाही. नको असलेलं सामान त्या पट्टीपायी घेतलं जातं.

जुना_चष्मा

दोघंही एक गोष्ट विसरताय. फळीवरून स्वतः माल उचलायचा ही पद्धत रुळवली क्लॅरेन्स सॉन्डर्सने, 1916 मध्ये, मेम्फिसमधल्या पिगली विगली दुकानात. त्याआधी तिथे गिऱ्हाईक यादी सांगायचं आणि काउंटरमागचा नोकर माल काढून बांधून द्यायचा. सॉन्डर्सने ते काम आपल्यावर ढकललं. आपण फुकटात माल गोळा करतो, उचलून आणतो, घरी वाहून नेतो. ॲपवाले तेच काम परत घेतात. म्हणजे ते करणाऱ्या माणसाचा पगार, गाडी, इंधन कुणीतरी भरायला हवं.

कुणी भरायचं याचं उत्तर भल्याभल्यांना सापडलं नाही. वेबव्हॅन या अमेरिकन कंपनीने 1999 मध्ये घरपोच किराणा सुरू केला, 2001 मध्ये दिवाळं वाजलं. मिनिटांत सामान पोचवणाऱ्या गेटिरने 2024 मध्ये युरोप-अमेरिकेतून गाशा गुंडाळला. तेव्हा खटपट्या, तुम्हाला जे स्वस्त पडतंय ते गुंतवणूकदाराच्या पैशावर पडतंय. तो आटला की दर वाढणार.

खटपट्या

वाढले तर तेव्हा बघू. आज परवडतंय ते आज का सोडू?

एकहाती

मी सहसा लिहीत नाही, पण "घरी बसून वेळ जातो" हे वाचून राहवलं नाही.

माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं. दुकानात जायचं तर आधी कुणाला तरी तिच्यापाशी बसवावं लागतं, म्हणजे दुधासाठी मी उपकार मागायचे. घरपोच सामान सुरू झालं तेव्हापासून ते उपकार मी डॉक्टरकडे जायच्या दिवसासाठी राखून ठेवते. मऊ टोमॅटो येतात. येऊ देत, त्यांचं सार करते.

1984 मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेडला 72 वर्षांच्या जेन स्नोबॉल यांनी टीव्हीला जोडलेल्या यंत्राचं बटण दाबून अंडी, कॉर्नफ्लेक्स आणि मार्गारिन मागवलं होतं. पैसे सामान दारात आल्यावर दिले. ती योजना वृद्धांसाठी आणि ज्यांना बाहेर पडणं अवघड त्यांच्यासाठी होती. ही सोय आळशांसाठी निघालेली नाही. अबोलीताई, मटार दाबून बघायला मिळणं हीसुद्धा एक सवड आहे, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

अबोली

एकहाती, माझं एक अक्षरही तुमच्याविरुद्ध नाही. धडधाकट माणसाने दुकानात जाणाऱ्याला रिकामटेकडं ठरवावं याला माझा विरोध आहे. तुमची गरज त्यांनी ढाल म्हणून वापरू नये.

खटपट्या

मी कुठे वापरली? त्या स्वतः बोलल्या.

काउंटरमागे

मी किराणा दुकानातच काम करतो, माल लावायचं. वाकून निवडणाऱ्या गिऱ्हाइकांचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, तुमच्यातले निम्मे काय करतात ते.

पहाटे थंड कपाटात दूध लावतो तेव्हा जुन्या तारखेचं पुढे ओढायचं, नवीन मागे सरकवायचं. दार उघडलं की तासाभरात कुणीतरी कोपरापर्यंत हात घालून मागची पिशवी काढतं. पुढची आडवी होते, कधी गळते. घरी जाऊन दूध त्याच संध्याकाळी संपवणार असतात, पण तारीख चार दिवस पुढची हवी! पुढे उरलेलं दूध चांगलं असतं, तरी रात्री मीच ते फेकायच्या ढिगात टाकतो. फेकल्याची सहीही मलाच करावी लागते. "निवड" म्हणून जे मिरवताय त्याचा हा शेवट.

अबोली

थांबा. मी पूर्ण पैसे देते. मग उद्या संपणारं दूध मी का घ्यायचं? दुकानाने जास्त मागवलं ती त्यांची चूक. तारीख जवळ आली की किंमत उतरवा, मी आनंदाने पुढचं घेईन. किंमत तीच ठेवायची आणि नासाडीचं पाप गिऱ्हाइकाच्या माथी, हे चालणार नाही.

काउंटरमागे

किंमत मी ठरवतो का? ढीग मात्र माझ्या हातून जातो.

गणिती

अन्न वाया जाण्यावर बोलायचं तर आकडे घेऊन बोलू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं 60 टक्के घरांमधून, 28 टक्के हॉटेलं-खानावळी वगैरेंतून आणि 12 टक्के दुकानांतून. दुकानातला ढीग डोळ्यांना मोठा दिसतो, पण खरा ढीग आपल्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला असतो. मागून काढलेल्या त्या दुधाचं पुढे काय होतं, हे विचारा.

काउंटरमागे

टक्केवारी ठीक आहे. 12 टक्के म्हणजे माझ्या हाताने फेकलेलंही त्यात आलं, एवढं लक्षात ठेवा. फेकताना टक्के दिसत नाहीत.

आणि तारखांचाही गोंधळ असतो. "या तारखेपर्यंत वापरा" हे सुरक्षिततेसाठी, ते पाळायचंच. "या तारखेपर्यंत उत्तम" हे चवीसाठी, करकरीतपणासाठी. बिस्किटांवरची दुसरी तारीख गेली म्हणून घाबरून पाकीट आपटणारी माणसं रोज भेटतात. ब्रिटनमध्ये काही मोठ्या साखळ्यांनी भाज्या-फळांवरची ही दुसरी तारीख काढूनच टाकली, टेस्कोने 2018 मध्ये सुरुवात केली. सफरचंद बघून कळतं की.

सावध_आई

तारखेवरून भांडताय, मी मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांबद्दल बोलते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. एकदा मागवलेला खाऊ नव्हता म्हणून दुकानाने आपल्या मनाने "तत्सम" दुसरा पाठवला. पाकिटाचा रंगही जवळपास तोच. मुलाने फोडायच्या आधी मी मागे वाचलं म्हणून निभावलं. तक्रार केली तर उत्तर आलं, "पर्यायी वस्तू चालेल, हा पर्याय तुम्ही बंद केला नव्हता." म्हणजे तो आधीपासून चालू होता!

युरोपात डिसेंबर 2014 पासून नियम आहे की दुरून पाकीटबंद अन्न विकताना ॲलर्जीची माहिती खरेदीआधी द्यायलाच हवी. पण मागवलेल्याची माहिती वाचून मागवायचं आणि हातात दुसरंच पडायचं, तर वाचून काय उपयोग? त्याच्या खाण्याचं सगळं मी दुकानात उभी राहून वाचून घेते. त्यात माझा वेळ जातो, आणि तो कुणी मोजू नये.

खटपट्या

पर्यायी वस्तूंचं मान्य. तो पर्याय मुळात बंद असायला हवा, ज्याला हवा त्याने चालू करावा. हे मी कधीच नाकारलं नव्हतं.

आणि काउंटरमागे यांच्यामुळे आणखी एक कळलं. मला दही नेहमी जवळच्या तारखेचं का येतं? माल भरणारा समोरचं उचलतो! म्हणजे तुम्ही सगळे मागचं ओढून नेता आणि उरलेलं आमच्या ऑर्डरीत येतं.

काउंटरमागे

बरोबर. त्याला तारखा चाळत बसायला वेळ नसतो आणि तसं सांगितलेलंही नसतं. काही दुकानं "किमान इतके दिवस टिकेल" अशी हमी लिहून देतात. तशी असेल तिथूनच ताजा माल मागवा. नसेल तर डाळ, तांदूळ, साबण, कागद एवढंच मागवा. त्यात कुणी फसत नाही.

सांजवेळ

एकट्या राहणाऱ्या माणसासाठी काउंटरवरचे दोन शब्द हेच दिवसभरातलं बोलणं असतं, हे कुणीच म्हटलं नाही. नेदरलँड्समध्ये युंबो या साखळीने 2019 मध्ये फ्लाइमेन इथे गप्पांचा काउंटर सुरू केला. ज्याला घाई नाही त्याने त्या रांगेत लागायचं आणि निवांत बोलायचं. 2021 मध्ये असे 200 काउंटर करायचं जाहीर झालं. माझे वडील गेल्यावर मीही याच कारणासाठी दुकानात जायचे, ब्रेडचं निमित्त करून.

गणिती

आणि माझ्यासारखे, ज्यांना दिवसभर लोकांशी बोलून झाल्यावर एकही शब्द नको असतो, त्यांना ॲप हवं. हेही खरं आहे.

अबोली

ठीक. कोरडा किराणा घरी मागवा, माझी हरकत नाही. एकहातींना सगळंच घरी यावं, आणि टोमॅटोही चांगले यावेत. पण खटपट्या, "ज्यांच्या वेळेला मोल नाही" हे तुम्ही मागे घ्यायला हवं. सावध_आई पाकिटं वाचते तो वेळ बिनमोलाचा आहे का?

खटपट्या

त्यांच्यापुरतं मागे घेतो. तुमच्या मटारापुरतं नाही.

काउंटरमागे

भांडण चालू द्या, पण दुकानात येणाऱ्यांना एक विनंती. दूध, दही, गोठवलेलं काहीही उचललं आणि मग नको वाटलं, तर बिस्किटांच्या फळीवर ठेवून जाऊ नका. ते किती वेळ बाहेर होतं हे आम्हाला कळत नाही, म्हणून सापडलं की फेकावंच लागतं, तारीख कितीही पुढची असो. लांब जायचा कंटाळा आला तर काउंटरवर हातात द्या. कुणी रागावणार नाही.

अबोली

हे मान्य. मागची पिशवी मात्र मी काढणारच.