मदत हवी आहे: घड्याळ बरोबर केलं आणि रेप्लिका ४० सेकंद मागे दिसायला लागली

मायएसक्यूएल ८.० डेटाबेस, एक सोर्स (मूळ सर्व्हर), एक रेप्लिका (त्याचे बदल घेत राहणारी प्रत). रेप्लिकाचं घड्याळ ४० सेकंद मागे होतं. क्रॉनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवून एका झटक्यात पुढे आणलं. तेव्हापासून लिहिणं चालू असलं की 'सेकंड्स_बिहाइंड_सोर्स' (रेप्लिका किती सेकंद मागे आहे तो आकडा) ४० दाखवतं, थांबलं की थेट ०. ओळी मात्र लगेच पोचतात. डेटाबेस रीस्टार्ट केलेला नाही.

शिवाय पुढे दोन्ही सर्व्हरवर लिहायचं आहे. जिची 'बदलल्याची वेळ' नंतरची ती ओळ खरी धरली तर चालेल का?

प्रतिसाद १
रेप्लिका मागे नाहीये, हिशोब शिळा आहे. आयओ थ्रेड (सोर्सकडून बदल आणणारा) सुरू होताना दोन घड्याळांतला फरक एकदाच मोजला जातो, पुढे तोच धरतात. तुमचा उणे ४०. घड्याळ जुळलं तरी तो वजा होतोच, म्हणून ४० दिसतात. 'स्टॉप रेप्लिका आयओ_थ्रेड' आणि मग 'स्टार्ट रेप्लिका आयओ_थ्रेड' द्या. एसक्यूएल थ्रेड (आणलेले बदल लागू करणारा) चालू राहू द्या.

उलट प्रकार जास्त घातक. रेप्लिका ४० सेकंद पुढे असती आणि मागे आणली असती, तर ३५ सेकंदांचा खरा उशीरही ० दिसला असता. उणे आकडा दाखवतच नाहीत. तुमच्याकडे आकडा किमान ओरडला तरी!

प्रतिसाद २
अलार्म त्या आकड्यावर लावूच नका. हार्टबीट टेबलातही (सोर्स ज्यात ठरावीक अंतराने वेळ लिहितो) घड्याळांची चूक उतरते. घड्याळाशिवाय तपासायचं तर 'जीटीआयडी_सबट्रॅक्ट' वापरून सोर्सच्या 'जीटीआयडी_एक्झिक्युटेड'मधून (लागू झालेल्या व्यवहारांच्या ओळख-क्रमांकांचा संच) रेप्लिकाचा संच वजा करा. रिकामं आलं की सगळं लागू झालं.

क्रॉनीत 'मेकस्टेप १.० ३' ठेवा: १ सेकंदाहून मोठी चूक असेल तर उडी, तीही पहिल्या ३ अपडेटमध्येच, नंतर घड्याळ हळूहळू सरकतं. ३ च्या जागी उणे १ लिहिलंत तर चालू डेटाबेसखाली कधीही उडी बसेल. 'क्रॉनीसी ट्रॅकिंग'मधली 'सिस्टिम टाइम' ही ओळ दोन्हीकडे बघा.

प्रश्नकर्ता
आयओ थ्रेड थांबवून सुरू केला, लिहिणं चालू असताना ० आलं. वेळेवरून ओळ ठरवण्याचं काय?

प्रतिसाद १
नको. 'अ'चं घड्याळ २ सेकंद पुढे आहे असं धरा. १०:००:०० ला 'अ'वर बदल झाला, शिक्का १०:००:०२. सेकंदभराने 'ब'वर त्याच ओळीत दुरुस्ती झाली, शिक्का १०:००:०१. नंतरची दुरुस्ती गुपचूप पुसली जाते, लॉगमध्ये एरर नाही. ओळीला आवृत्ती क्रमांक द्या. दोघांनी ७ चा ८ केला तर निदान टक्कर दिसते. कोणाचं ठेवायचं ते मग अॅप्लिकेशनने ठरवावं. त्याहून सोपं म्हणजे एका ओळीवर एकाच सर्व्हरने लिहायचं.